आईला कॉम्प्रेशन मोजे चढत नाहीत, चढले तर करकोचे पडतात: काय करावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. आई 66 वर्षांच्या. डाव्या पायावर फुगलेल्या शिरा आहेत, संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, आणि मधुमेह 12 वर्षांपासून आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'क्लास 2, गुडघ्याखालचे मोजे' एवढंच लिहिलं. आईंचे पाय जाड म्हणून तुम्ही 'लार्ज' मागवले. चढवायला दोघांना 20 मिनिटं लागतात. दुपारपर्यंत गुडघ्याखाली करकोचा पडतो, मग आई वरची कड दोनदा दुमडून ठेवतात, त्याने आणखी दुखतं. पाचव्या दिवसापासून मोजे कपाटात आहेत. आता तुम्ही विचारताय की कमी दाबाचे घ्यावेत की मांडीपर्यंतचे, म्हणजे कड गुडघ्याखाली टोचणार नाही.

मी 22 वर्षं रक्तवाहिन्यांच्या ओपीडीत परिचारिका आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं लोकांचे पाय मोजण्यात आणि मोजे चढवून देण्यात गेली आहेत. म्हणून सरळ सांगते, दोन्ही पर्याय आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनावरून दाब जास्त आहे असं मला वाटत नाही. मोजा लांबीला मोठा आहे, घोट्याला बहुधा चुकलेला आहे आणि चढवण्याची पद्धतही चुकते आहे. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे, जो तुम्ही विचारलेला नाही. आईंच्या पायात शुद्ध रक्त नीट पोहोचतंय ना?

मधुमेह म्हटल्यावर मी पहिला हात पावलाच्या वरच्या बाजूला ठेवते, अंगठ्याच्या रेषेत, आणि दुसरा घोट्याच्या आतल्या हाडामागे. तिथे नाडी लागते. मोजे काम करतात ते नीलांसाठी, म्हणजे रक्त वर परत नेणाऱ्या शिरांसाठी. पण दाब पडतो तो सगळ्याच रक्तवाहिन्यांवर. धमन्या आधीच अरुंद झाल्या असतील तर हाच मोजा पायाचं रक्त तोडू शकतो. यासाठी एक साधी तपासणी असते. घोट्याचा रक्तदाब मोजायचा, दंडाचा मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर साधारण 0.9 ते 1.3 आलं तर निश्चिंत. 0.8 च्या खाली आलं तर दाब कमी ठेवावा लागतो आणि तोही देखरेखीखाली. 0.5 च्या खाली मोजे नाहीतच, आधी धमन्यांचा इलाज. मधुमेहात आणखी एक गोम आहे. धमनीच्या भिंतीत चुना साचतो, ती दाबली जात नाही आणि उत्तर खोटंच मोठं येतं, 1.3 च्या वर. तेव्हा 'आकडा तर छान आहे' म्हणून खूश व्हायचं नसतं. पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे पाहिलं असेलही. तुम्ही एकदा विचारा, एवढंच.

दुसरी गोष्ट संवेदनेची. मधुमेहात पायाला कळत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतले एक काका आठवतात. मी स्वतःच मोजे चढवून दिले होते, घाईत, आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे पाऊल वर उचललं की दोरीसारखा स्नायुबंध ताणलेला दिसतो, तिथे एक बारीक चुणी राहिली. तुमच्या-माझ्या पायाला ती तासाभरात खुपली असती आणि आपण ती सारखी केली असती. काकांना काहीच जाणवलं नाही. त्यांनी मोजे रात्रीही काढले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्या चुणीखाली नाण्याएवढी जखम होती आणि ती भरायला दोन महिने लागले. तेव्हापासून मोजा चढवल्यावर मी त्या जागेवरून अंगठा फिरवल्याशिवाय पेशंटला उठू देत नाही.

आणि सूज दोन्ही घोट्यांवर आहे, हेही मला खटकतं. फुगलेल्या शिरा डाव्या पायावर असताना उजवा का सुजतो? उजव्या पायातल्या आतल्या शिरांच्या झडपाही गळत असतील, शक्य आहे. पण औषधांची यादी एकदा काढून बघा. रक्तदाबासाठीची अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांचे घोटे सुजणं अगदी नेहमीचं आहे. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोननेही अंगात पाणी साठतं. शिवाय हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, यकृत यांपैकी काहीही दोन्ही पाय सुजवू शकतं. हृदय फारच अशक्त असेल तर पायातलं पाणी मोज्याने एकदम वर ढकलणं धोक्याचं ठरतं. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. आणि कधी एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर मोजा शोधत बसायचं नाही. ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जायचं.

हे सगळं ठीक निघालं असं धरून पुढे जाऊ.

मोजा नेमकं काय करतो ते एकदा नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आपण स्थिर उभे राहतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब असतो. ते हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचं वजन. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात, झडपा रक्त खाली पडू देत नाहीत आणि हा दाब 30 च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग पाणी झिरपतं, सूज येते. पुढे नडगीच्या खालच्या भागावर तपकिरी डाग, खाज, कडकपणा आणि शेवटी जखम, हा ठरलेला रस्ता. मोजा बाहेरून आधार देतो. घोट्याला सगळ्यात जास्त, पोटरीला कमी, गुडघ्याखाली आणखी कमी. ही चढती नव्हे, उतरती घडण म्हणजेच मेडिकल मोजा. असे मोजे बनवणारा कॉनरॅड जॉब्स्ट हा अमेरिकन अभियंता स्वतः पायाच्या शिरांनी त्रस्त होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, म्हणजे घोट्याला सर्वाधिक. तेच त्याने कापडात उतरवलं. पेशंटला मी कधी कधी एवढंच सांगते की तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे आहात असं समजा.

यातूनच दोन गोष्टी निघतात. एक, पोटरी हलली तरच मोज्याला पिळायला काही मिळतं. मोजे घालून दिवसभर खुर्चीत बसलं तर फायदा अर्धामुर्धाच. बसल्याबसल्या पावलं वर-खाली करायला तरी सांगा. दोन, मोज्याची कड दुमडली की ही उतरती घडणच उलटी होते. कापडाचे दोन थर झाले की तिथला दाब जवळपास दुप्पट होतो आणि तोही गुडघ्याखाली, जिथे तो सगळ्यात कमी हवा. म्हणजे खालून वर चढणाऱ्या रक्ताच्या वाटेत आपणच पट्टा आवळून ठेवतो. आईंच्या पायावरचा करकोचा यानेच वाढला आहे, आणि तो वाढल्यावर घोटा जास्त सुजत असेल तर त्यात नवल नाही.

आता 'क्लास 2' बद्दल. हा शब्द ऐकून सगळ्यांना वाटतं की जगभर एकच माप असेल. तसं नाही. जर्मन पद्धतीत क्लास 2 म्हणजे घोट्याला 23 ते 32 मिलिमीटर पारा. ब्रिटिश पद्धतीत क्लास 2 म्हणजे 18 ते 24. फ्रेंच पद्धतीत 15 ते 20. अमेरिकन खोक्यांवर क्लासऐवजी बहुतेकदा थेट आकडेच असतात, 15 ते 20, 20 ते 30, 30 ते 40 असे. म्हणजे ब्रिटिश क्लास 2 आणि जर्मन क्लास 2 शेजारी ठेवले तर ब्रिटिश मोजा शिडीची एक पायरी खाली आहे. म्हणून चिठ्ठीवर क्लास नको, आकडा लिहून घ्या. साध्या शिरा, जडपणा, संध्याकाळची सूज यांना 15 ते 20 पुष्कळदा पुरतं. सूज ठळक असेल, कातडीचा रंग बदलला असेल तर 20 ते 30. जखम असेल किंवा भरून गेली असेल तर त्याहून वर, घोट्याला 40 च्या आसपास, आणि तिथे सुरुवात बहुधा पट्ट्यांनी होते. नेमका आकडा आईंचा पाय बघितलेल्या डॉक्टरांनीच सांगायचा.

खोक्यावरचा आकडा खरा ठरतो तो माप बरोबर असेल तरच. आणि 'लार्ज' हे माप नव्हे. सदऱ्याचा लार्ज दोन इंच ढगळ झाला तर काही बिघडत नाही. मोज्यात तीच चूक म्हणजे औषधाचा डोस चुकणं. घोट्याला सैल मोजा 23 चा दाब बराच खाली आणतो, आणि लहान मोजा तोच दाब वाढवून ठेवतो.

मोजायचं सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज उतरलेली असताना. संध्याकाळी मोजलं तर तुम्ही सुजेचं माप घेता आणि सकाळी मोजा सैल पडतो. शिवणकामाची टेप घ्या. पहिलं माप घोट्याचं, पण हाडावरून नाही. हाडाच्या वर, पाय जिथे सगळ्यात बारीक आहे तिथे. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. दुसरं माप पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचं. तिसरं लांबीचं, आणि हेच लोक विसरतात. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवायचं, गुडघा काटकोनात आणायचा, आणि टाचेपासून मागच्या बाजूने गुडघ्याच्या घडीपर्यंत अंतर घ्यायचं. मोज्याची कड या घडीच्या दोन बोटं खाली यायला हवी. बऱ्याच कंपन्या एकाच जाडीत आखूड आणि नेहमीची अशा दोन लांब्या बनवतात. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी लिहा. डावा पाय फुगीर असेल तर दोन पायांना दोन साइझ लागू शकतात आणि त्यात चूक काही नाही.

उदाहरण घेऊ. एका बाईंचा घोटा 22 सेंटिमीटर, पोटरी 41. दुसऱ्या बाईंचा घोटा 26, पोटरी 38. दोघींना लोक 'जाड पाय' म्हणतील आणि दोघी 'लार्ज' मागवतील. पहिल्या बाईंना तो घोट्याला सैल पडेल आणि पोटरीला घट्ट, म्हणजे अगदी उलटं. कंपनीच्या तक्त्यात आधी घोट्याचा रकाना बघा, मग पोटरी त्यात बसते का बघा. घोटा एका साइझमध्ये आणि पोटरी भलत्याच साइझमध्ये येत असेल तर तयार मोजा विसरा, मापाने बनवून घ्या. आणि पायाचा आकारच बिघडलेला असेल, घोट्यावर कातडीच्या वळकट्या असतील, लसिकेची (लिम्फ साठून आलेली) सूज असेल, तर सपाट विणीचा, शिवण असलेला मोजा लागतो. गोल विणीचा पातळ मोजा वळकटीत शिरून कापतो.

घोटा फारच बारीक आणि हाडं वर आलेली असतील तर तिथे दाब आपोआप जास्त पडतो. तेवढ्याच ताणाचं कापड लहान गोलाईवर जास्त रुततं, हा भौतिकशास्त्राचा नियमच आहे. अशा पायात नडगीच्या धारेवर मऊ पॅड ठेवायला मी सांगते.

मांडीपर्यंतच्या मोज्यांचा मोह मला समजतो. पण ज्यांना गुडघ्यापर्यंतचे चढत नाहीत त्यांना मांडीपर्यंतचे चढणार कसे? ते बसता-उठता घसरतात, गुडघ्यामागे गोळा होतात, वरच्या सिलिकॉनच्या पट्टीने काहींना पुरळ येतं. गुडघ्याच्या वरही सूज असेल किंवा शिरेची शस्त्रक्रिया झाली असेल तेव्हा ते सांगितले जातात. संध्याकाळच्या घोट्याच्या सुजेला गुडघ्याखालचे पुरतात. आणखी एक, घरात कुणाच्या ऑपरेशनच्या वेळचे पांढरे मोजे पडले असतील, बोटांपाशी भोक असलेले, तर ते आईंना देऊ नका. ते अंथरुणावर पडून असलेल्या माणसासाठी असतात, घोट्याला साधारण 18 चा दाब, आडव्या पायाच्या हिशोबाने. आणि तिथेही ते सगळ्यांना लागू पडतात असं नाही. 2009 मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. मांडीपर्यंतच्या मोज्यांनी शिरेतल्या गाठी कमी झाल्या नाहीत, कातडीच्या जखमा मात्र वाढल्या.

आता चढवणं. 20 मिनिटं आणि दोन माणसं लागतात म्हणजे तुम्ही कड धरून वर ओढताय. सगळे तेच करतात, कारण आयुष्यभर साधे मोजे तसेच घातलेत. हे मोजे ओढायचे नसतात, थोडे थोडे वर सारायचे असतात.

भांडी घासायचे रबरी हातमोजे आणा, तळहाताला खरखरीत नक्षी असलेले. मोजे-कंपन्यांचेही मिळतात, पण साध्यांनी चालतं. ही एक वस्तू मी पेशंटच्या हातात दिली की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. हातमोज्याने कापडावर पकड येते आणि नखांनी धागा निघत नाही. अंगठ्या काढून ठेवा. पायाची नखं कापलेली असू द्या आणि टाचेच्या भेगांना रात्री क्रीम लावत जा, भेगेच्या काठाला मोजा अडकतो. सकाळी मात्र पाय कोरडा हवा. अंघोळीनंतर लगेच चढवत असाल तर बोटांच्या बेचक्याही टिपून घ्या. ओल्या पायावर हा मोजा चढवणं म्हणजे ओल्या अंगावर चुडीदार चढवण्यासारखं.

आईंना पाठ टेकायला असलेल्या खुर्चीत बसवा, पलंगाच्या मऊ कडेवर नको. मोज्यात हात घालून टाचेची खोळ आतून चिमटीत धरा आणि मोजा उलटा करा, पण फक्त टाचेपर्यंत. पावलाचा भाग आत सुलटाच राहिला पाहिजे. आता तुमच्या हातात एक छोटी पिशवी तयार झाली. दोन्ही अंगठे तिच्यात घालून तोंड रुंद करा, पाऊल आत सरकवा आणि टाच बरोबर खोळीत बसली का ते बघा. इथे घाई करायची नाही. टाच खोळीत नसेल तर वरचं सगळं वाकडं बसतं आणि चुणी येते ती नेमकी घोट्यापुढे, त्या काकांच्या जागी. टाच बसली की राहिलेला उलटा भाग पावलावरून परत घ्या, घोट्याच्या वर आणा. आणि आता हातमोजा घातलेल्या तळव्यांनी कापड वर सारत न्या, कणीक मळताना तळव्याने दाबतो तसं, एकेक चार बोटं. घोट्याजवळ जादा कापड साठलं असेल तर ते तिथून उचलून वर वाटून द्या. वरून ओढलं तर कापड पोटरीवर ताणून पातळ होतं, खाली साठलेलं तसंच राहतं आणि तासाभराने सगळं खाली घसरतं. शेवटी बोटांपाशी कापड चिमटीत धरून किंचित पुढे ओढा म्हणजे बोटांना हालायला जागा राहील. अंगठ्यापाशी हाड वाढलेलं असेल तर उघड्या बोटांचा मोजा घ्या.

आईंच्या हातात ताकद नसेल, सांधे धरत असतील, वाकता येत नसेल, तर धातूच्या सळ्यांची एक उभी चौकट मिळते. मोजा तिच्यावर ताणून ठेवायचा आणि उभ्याउभ्या किंवा बसून पाऊल खाली ढकलायचं. उघड्या बोटांच्या मोज्यांसाठी गुळगुळीत कापडाची पिशवी मिळते. ती आधी पावलावर चढवायची, तिच्यावरून मोजा सरकतो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची. पहिल्यांदा करताना जादूच वाटते.

वेळ कोणती? डोळे उघडल्यावर, पाय खाली टाकून सूज चढायच्या आत. आईंना आधी देवघर, चहा, पेपर हवा असेल तर जबरदस्ती करू नका. पण मग मोजे घालण्याआधी पाय उशीवर हृदयापेक्षा उंच ठेवून 20-30 मिनिटं पडून राहायला सांगा. सुजलेल्या पायावर मोजा चढवणं हीच खरी मारामारी आहे. पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवस नको. पहिले दोन दिवस दोन-तीन तास, मग दुपारपर्यंत, मग संध्याकाळपर्यंत. रात्री काढायचे. आडवं झाल्यावर तो उभा स्तंभच राहत नाही, त्यामुळे दिवसाच्या मोज्यांचं रात्री काही काम नसतं.

काढतानाही कड धरून खाली ओढत जा, गुंडाळी करू नका. गुंडाळी घोट्यापाशी आली की तिथे ती अडकते आणि सुटता सुटत नाही. मोजा निघाला की दिव्याखाली पाय बघा. विणीची हलकी नक्षी उमटणं ठीक, अर्ध्या तासात जाते. लाल चट्टा जो दाबल्यावर पांढरा होत नाही, फोड, बोटांचा निळसर किंवा पांढुरका रंग, बधिरपणा, नव्याने सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशी मोजा घालायचा नाही, आधी दाखवायचं. दिवसाही बोटं निळी पडली किंवा मोज्यात पाय ठणकायला लागला तर तिथल्या तिथे काढा. आईंना मधुमेह आहे म्हणून ही रोजची पाहणी त्यांच्यावर सोडू नका, तुम्ही स्वतः करा. तळपाय आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मोजे सैल पडण्याचं निम्मं कारण तिथे असतं. लोकांना वाटतं की धुतल्याने लास्टिक जातं, म्हणून आठवडाभर तेच वापरतात. उलट आहे. घाम, मेलेली कातडी आणि विशेषतः क्रीमचं तेल हे लवचीक धागे खातात. धुतल्याने ते निघून जातं आणि दिवसभर ताणलेली वीण पुन्हा जागेवर येते. म्हणून रोज धुवायचे, म्हणून दोन जोड. हाताने धुतले तर कोमट पाणी आणि साधी सौम्य पावडर. मशीनमध्ये टाकले तर जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, लेबलवर असेल ते तापमान, बहुधा 40 अंशांपर्यंत. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, ब्लीच नको. पिळायचे नाहीत. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून घ्या आणि सावलीत आडवे पसरा. ऊन, हीटर, इस्त्री तिन्ही वर्ज्य. आतल्या बाजूला धाग्याची टोकं लोंबताना दिसतील. ती कापायची नाहीत, ती विणीचाच भाग असतात. कापलीत की भोक पडतं.

रोज वापरात असलेला जोड साधारण 6 महिने टिकतो. ओळखायचं कसं? नवीन असताना चढवायला जेवढे कष्ट पडत होते तेवढे पडेनासे झाले की समजा. पेशंट आनंदाने सांगतात, 'आता छान सवय झाली, पटकन चढतो.' मी म्हणते, सवय पायाला झालेली नाही, मोजा म्हातारा झालाय.

एवढं सगळं जमवूनही, बरोबर मापाचा मोजा, हातमोजे, सकाळची वेळ, आईंना ते सोसलंच नाही तर? मग दाब कमी करण्याचा तुमचा प्रश्न योग्य वेळी आला असं मी म्हणेन. माझा अनुभव असा की 15 ते 20 चा रोज घातलेला मोजा 23 ते 32 च्या कपाटातल्या मोज्यापेक्षा पाय चांगला ठेवतो. काही जणांना मी डॉक्टरांना विचारून हलक्या दाबाचे दोन मोजे एकावर एक देते. दोघांचे दाब साधारण एकत्र होतात आणि दोन पातळ मोजे चढवणं एका जाड मोज्यापेक्षा सोपं जातं. थकलेल्या हातांसाठी वेल्क्रोच्या पट्ट्यांचं आवरणही असतं, ते पायाभोवती लावायचं, चढवायचं काहीच नाही. दिसायला बेंगरूळ, पण लावायला सोपं.

आणि मोज्यांकडून काय अपेक्षा ठेवायची तेही बोलून ठेवते. जडपणा, ठणका, संध्याकाळची सूज यांना आराम पडतो. फुगलेल्या शिरा मात्र त्याने जात नाहीत, मोजे काढले की त्या तिथेच असतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट म्हटलं आहे की शिरांवर लेझर किंवा तत्सम उपचार करता येत असतील तर नुसते मोजे हा उपचार म्हणून देऊ नये. आजकाल हे उपचार सुईएवढ्या छिद्रातून होतात. त्यामुळे आईंच्या पायाची डॉप्लर सोनोग्राफी (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी) झाली नसेल तर ती करून घ्या आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला एकदा दाखवा. कदाचित मोजे आयुष्यभराचे नसून काही महिन्यांचेच असतील. हे ऐकल्यावर बऱ्याच आया मोजे घालायला तयार होतात, हाही माझा अनुभव.

तोपर्यंत, उद्या सकाळी आई पलंगावरून पाय खाली टाकायच्या आत टेप घेऊन बसा. डावा घोटा, डावी पोटरी, डावी लांबी, मग उजव्याचं तसंच, असे सहा आकडे कागदावर लिहा आणि कपाटातल्या मोज्यांच्या खोक्यावरच्या तक्त्याशी लावून बघा. माझा अंदाज आहे की चूक लांबीच्या रकान्यात सापडेल. न सापडली तर ते सहा आकडे, औषधांची यादी आणि मधुमेहाचा शेवटचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ते मोजेही पिशवीत टाका. नर्ससमोर चढवून दाखवायला सांगा. मी तरी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही.